मूळचे कुठले?

मराठी माणसाला चंद्रावर नेऊन सोडला आणि समोरून दुसरा मराठी माणूस आला, तर प्राणवायूची चौकशी नंतर, आधी तो विचारील, "आपलं आडनाव?" आडनाव कळलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "म्हणजे मूळचे कुठले?" या दोन प्रश्नांत समोरच्याचं गाव, जात, कुलदैवत आणि आमटीत गूळ पडतो की नाही, एवढं सगळं बाहेर येतं. पोलिसांना जे चोवीस तास कोठडीत ठेवून काढता येत नाही, ते आपण लोकलच्या दोन स्टेशनांत काढतो.

आमच्या रोजच्या गाडीत या शास्त्रातले एक महामहोपाध्याय होते. आडनाव सांगा, ते तुमच्या खापरपणजोबांपर्यंत जाऊन येत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "चेऊलकर."

"चौलचे!" ते तत्काळ उद्गारले. "अष्टागरातले. नारळी-पोफळीची वाडी असणार. पहिलं नाव काय?"

"डेव्हिड."

'बूट पॉलिश'मधला तो टकला, प्रेमळ जॉनचाचा करणारा नट डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. धर्मानं ज्यू. महामहोपाध्याय कुर्ल्यापासून दादरपर्यंत गप्प होते. त्यांच्या आयुष्यातला हा विक्रमच म्हणायचा.

पण त्यांचा तरी काय दोष? आमच्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू आपल्या या आडनावशास्त्राला सुरुंग लावूनच बसलेले आहेत. पेणकर, दिवेकर, नवगावकर, रोहेकर, केहीमकर. पाटी वाचून आपण बिनधास्त सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला आत शिरावं, तर चौकटीला मेझुझा! परंपरा अशी सांगते, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागेजवळ नवगावला एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज किनाऱ्यावरच्या गावांतून पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. धर्माप्रमाणे शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आता बघा, शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि नेमका शनिवारीच तेल्याचा घाणा बंद! तरीही यावरून कोकणात दंगल झाल्याचं कुठं ऐकिवात नाही. लोक शुक्रवारीच बुधला भरून आणत असतील.

सणांची नावंही बघा. हिब्रू नावं जड जात होती म्हणून की काय, यांनी सरळ 'नव्याचा सण', 'खिरीचा सण' अशी नावं ठेवली. दारं लावून घेऊन कडक उपास करायचा, तो 'दारफाळणीचा सण'. नवस फेडायचा तो एलियाहू हनाबीला, पण पुढ्यात ठेवायचा तो गोड पोह्यांचा मलिदा. आणि बायबलातल्या कथांवर कीर्तनं, तीही मराठीत!

मुंबईतलं यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात बांधलं. त्याचं नाव 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार. आसपासचे लोक त्यालाही मशीदच म्हणत आणि त्यावरूनच मशीद स्टेशनाला नाव पडलं असं सांगतात. म्हणजे नाव मशिदीचं, मूळ यहुद्यांचं, आणि उतरणारे बहुतेक मसाल्याचे नि सुक्या मेव्याचे व्यापारी! मुंबईची याहून चांगली व्याख्या मला कुणी करून दाखवावी.

या समाजात १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत निसीम इझिकिएल जन्माला आले. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवणारी. निसीम यांनी नावापुढं 'कर' लावलं नाही आणि कविता लिहिली ती इंग्रजीत. म्हणजे बहुसंख्य हिंदूंच्या देशात ज्यू, मराठी बोलणाऱ्या समाजातला इंग्रजी कवी, आणि कवी म्हणजे तर सगळीकडेच अल्पसंख्य! माणसानं अल्पसंख्य तरी किती बाजूंनी असावं?

त्यांची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' नावाची कविता आहे. नावातच गंमत आहे. आपण ज्या खानदानाबद्दल छाती फुगवून बोलतो, त्याबद्दल हा माणूस जाता जाता, सहज म्हणून सांगतो. त्यात शाळेत छळणारी निरनिराळ्या धर्मांची पोरं आहेत, तेलबिया गाळणारे पूर्वज आहेत आणि लंडनचं एकटेपणही आहे. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो त्या पोरांच्यात पुरेपूर होता. एका हडकुळ्या ज्यू मुलाला सतावण्याच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं! आपण विविधतेचे गोडवे गातो तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत काय चालतं, ते बघत नाही. कवीनं ते बघितलं, सोसलं, आणि तरीही तक्रारअर्ज लिहिला नाही, कविता लिहिली.

१९४८ साली इस्रायल देश झाला. त्यानंतरच्या वर्षांत बेने इस्रायली मंडळींपैकी बहुतेक तिकडे गेली. तिथं जाऊनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढलं. आपण इथं राहून मुलांना मराठी शाळेत घालावं की नाही यावर परिसंवाद भरवतो, ते सोडा. इझिकिएलही १९४८ सालीच बोटीत चढले, पण लंडनला जाणाऱ्या! तिथं तत्त्वज्ञान शिकले आणि १९५२ साली पहिला कवितासंग्रह छापून परत आले. आपल्याकडे विलायतेहून परतणारा मुलगा कसा, बंदरावर पंचवीस हार, पंचवीस नातेवाईक. हे आले ते इंडोचायनाला दारूगोळा नेणाऱ्या मालवाहू जहाजावर डेक घाशीत. तत्त्वज्ञानाचा असा तत्काळ उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग त्यांनी मुंबई सोडली नाही. मिठीबाई कॉलेजात, पुढं विद्यापीठात शिकवलं. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पेन संस्थेच्या कचेरीत बसून नवकवींची बाडं वाचली. दुसऱ्याच्या कविता शांतपणे वाचणारा कवी हीच मुळात दुर्मीळ जात. इंदिरा संतांच्या कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेल्या. अवतीभवती मंडळी कोण? डॉक्टरकी करणारे पारशी गीव्ह पटेल, गोव्याकडच्या ख्रिस्ती कुळातले डॉम मोराएस आणि युनिस डिसूझा, दोन्ही भाषांत लिहिणारे आपले कोल्हापूरचे अरुण कोलटकर. आमचे महामहोपाध्याय या घोळक्यात सापडले असते, तर त्यांना स्ट्रेचरवरूनच आणावं लागलं असतं.

शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना भेटलेली त्यांची कविता म्हणजे 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. आईला विंचू चावतो, शेजारीपाजारी कंदील घेऊन जमतात, मंत्र होतात, एरवी काही न मानणारे वडीलही मिळेल तो उपाय करून बघतात, आणि आई शेवटी म्हणते, बरं झालं, पोरांना नाही चावला. आता सांगा, ही आई ज्यू, की पेणची, की कुडाळची? विंचवानं आडनाव विचारलेलं नसतं आणि आईनंही नाही.

त्यांच्यावर एक आक्षेप मात्र वारंवार घेतला गेला. मिस पुष्पाच्या निरोपसमारंभाच्या कवितेत त्यांनी आपल्या देशी इंग्रजीची हुबेहूब नक्कल केली. हसणारे हसले, काही रागावले, की हा साहेबी इंग्रजीवाला गरीब बिचाऱ्या माणसांना हसतो. मला हा प्रश्न साधा वाटत नाही. आपल्या आत्याची नक्कल करणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या आत्याची करणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत मार बसतो. तेव्हा भांडण खरं हे, की पुष्पा इझिकिएलांची आत्या होती की नाही? त्यांचं उत्तर दुसऱ्या एका ठिकाणी सापडतं. १९६४ साली नायपॉल यांनी भारताची सालटी काढणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला सविस्तर लेख लिहून उत्तर देणारे हेच होते. घाण, ढोंग, गबाळेपणा, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. पण पाहुण्यानं नाक मुरडणं आणि घरच्यानं चिडणं यांतला फरक त्यांनी दाखवला. ज्याला इथंच राहायचंय, त्याला चिडायचाही हक्क आणि हसायचाही.

१९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८८ साली पद्मश्री. अखेरची वर्षं मात्र स्मृतिभ्रंशात गेली. गावोगावच्या आठवणी पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या समाजातला हा कवी, सगळं विसरत विसरत ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच गेला.

आपल्या कागदपत्रांतून एक फार चांगला शब्द असतो. 'मूळ गाव' या रकान्याखालीच 'राहणार' लिहिलेलं असतं. पहिला रकाना बापजाद्यांनी भरून ठेवलेला. त्यात आपलं कर्तृत्व शून्य. दुसरा आपण भरायचा. मराठीची करामत अशी, की त्या एका शब्दात पत्ताही आहे आणि निश्चयही. इझिकिएलांनी पहिल्या रकान्यात जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं : राहणार, मुंबई.