हरीके : पाखरांच्या गावी हिरवे संकट

अमृतसरला जाणारे मराठी प्रवासी सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि वाघा सीमा पाहून परततात. हाताशी आणखी एक दिवस असेल, तर दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवरचे हरीके जरूर पाहावे. इथे बियास सतलजला मिळते. संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या जलाशयाला १९९० मध्ये ‘रामसर’ पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पाखरे इथे उतरतात. आपल्या ओळखीचे वारकरी आणि चक्रवाकही त्यांत असतात. २००७ मध्ये तर याच परिसरात बियास नदीत सिंधू डॉल्फिन आढळला.

पण पाखरांबरोबर नजरेत भरते ती जलपर्णी. ती हिरवळीसारखी सुंदर दिसते, पण खाली पाण्याचा श्वास कोंडतो. तिला एवढे खाद्य मिळते कुठून? सतलजमधून येणारे शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी हे एक कारण. दुसरे कारण वाटेवरच्या शेतांत आहे.

देशाच्या कोठारात गहू आणि तांदूळ भरणाऱ्या पंजाबात युरिया भरपूर वापरला जातो. युरियात ४६ टक्के नत्र असते. भाताचे पीक त्यातले बहुधा निम्मेही घेत नाही. उरलेल्यातले काही हवेत जाते, काही नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर ओढ्यात जाते किंवा झिरपून विहिरी-कूपनलिकांत उतरते. जलाशयात त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. त्या कुजल्या की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

हा प्रश्न केवळ पाखरांचा नाही. हरीकेहून निघालेल्या कालव्याचे पाणी थेट राजस्थानच्या वाळवंटापर्यंत जाते आणि तिथली माणसे ते पितात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. ते फार वाढले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. गृहिणींनी एक लक्षात ठेवावे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. म्हणून शेतांजवळच्या विहिरीचे पाणी बाळाला देण्यापूर्वी तपासून घ्यावे.

उपाय साधे आहेत. लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना पानांच्या रंगाची पट्टी वापरायला सांगते. भाताचे पान पट्टीवरच्या ठरलेल्या रंगापेक्षा फिके दिसले, तरच युरिया द्यायचा. यात खताचा पैसाही वाचतो.

हरीकेला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. दुर्बीण सोबत घ्यावी आणि आत जाण्याच्या परवानगीची चौकशी वन्यजीव विभागाकडे आधी करावी. पाखरे पाहून झाली, की मुलांना ती जलपर्णीही दाखवावी आणि आपल्या पोळी-भाताशी तिचे नाते काय, तेही सांगावे.