बिनपगारी, फुल अधिकारी

हिवरखेडात फुकटच्या कामाला माणसं शोधावी लागत नाहीत. सप्त्याच्या काल्याला रोडगे भाजायचे असोत की कोणाच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढायची असो, पोरं न बोलावता हजर होतात आणि बादल्या उचलतात. कोणी नाव विचारत नाही, कागद तर नाहीच. सातपुड्याच्या पायथ्याच्या, वऱ्हाडातल्या तेल्हारा तालुक्यातल्या या कापूसवाल्या गावातून एक मुलगी एमएससीसाठी मँचेस्टरला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिला कळलं, की तिकडे फुकट राबायचं असलं तरी आधी अर्ज भरावा लागतो.

काम करावंसं का वाटलं, याचं तिचं उत्तर अगदी सरळ आहे. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं बाहेरदेशचीच, राहत्या घरात सगळे तेलुगू-मराठी. इंग्लंडात राहून इंग्रज माणसाशी बोलणं व्हायचं ते फक्त बसमध्ये, तेही ‘थँक्यू’पुरतं. मग तिने जवळच्या एका वृद्धाश्रमाचं दार ठोठावलं. म्हाताऱ्यांना वाचून दाखवीन, चहा देईन, गप्पा मारीन, एवढंच मागणं होतं.

टेबलामागच्या बाईंनी हसून स्वागत केलं आणि चार पानी फॉर्म पुढे सरकवला. त्यात दोन ‘रेफरन्स’ हवे होते, नातेवाईक सोडून. शिवाय डीबीएस. लहान मुलं, आजारी किंवा वृद्ध माणसं यांच्यात काम करायचं असेल तर त्या देशात गुन्हेगारी नोंदींची ही तपासणी होते आणि स्वयंसेवकांना ती मोफत मिळते. पण ही यंत्रणा तिथल्या नोंदी पाहते. नुकतंच आलेलं माणूस तिथल्या कागदांत कोरंच असणार. म्हणून संस्था त्याच्या मायदेशातल्या पोलिसांचा दाखला मागतात. आपल्याकडे तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि चौकशी गावच्या ठाण्यातून होते. गावात असताना जे काम एका चकरेत झालं असतं, त्यासाठी परदेशातून वकिलातीच्या वाटेने अर्ज करा आणि थांबा. रेफरन्ससाठी तिने शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव दिलं. सरांना इंग्रजी ईमेल गेला तेव्हा ते कपाशीच्या वेचणीत होते. उत्तर सवडीने आलं.

खरी गोम व्हिसाची. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासच काम करता येतं. बहुतेकांना वाटतं, हा हिशेब पगाराच्या कामाचा. तसं नाही. काम बिनपगारी असलं, पण ठरलेल्या वेळी यायचंच आणि सांगितलेलं करायचंच असं बंधन असलं, तर ते तास त्या २०मध्ये धरले जातात. बंधन नाही, संस्था धर्मादाय किंवा सार्वजनिक आहे आणि हातात पडतं ते फार तर बसभाडं नि जेवणखर्च, तर ती स्वयंसेवा. ती २० तासांबाहेर. तिकडच्या सरकारी भाषेत या दोन्हींना जवळजवळ सारखीच नावं आहेत, त्यामुळे भलीभली पोरं फसतात. ही मुलगी आधीच एका हॉटेलात भांडी घासून आपले तास भरत होती. एका संस्थेच्या कागदावर तिला ‘दर शनिवारी १० ते ४ हजेरी अनिवार्य’ असं वाक्य दिसलं. तिने तो कागद विद्यापीठातल्या व्हिसा-सल्लागारांना दाखवला आणि त्यांनी सही करू नको म्हणून सांगितलं. परक्या देशात पुण्य करायलाही आधी असं विचारून घ्यावं लागतं.

घरी हे फोनवर सांगितलं तेव्हा आजी आधी भडकलीच. “तिकडं फुकट राबाले गेली का वं तू? शिकाले गेलती नं?” पण नंबर लागत नाही, वाट पाहावी लागते म्हटल्यावर तिचा सूर बदलला. शेगावला सेवा केलेली बाई ती. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने बिनपगारी काम करतात. गावोगावच्या लोकांना त्यासाठी नाव नोंदवून पाळीची वाट पाहावी लागते, आणि पाळी आल्यावर वाट्याला दर्शनबारी येईल की चपला सांभाळणं, हे आपण ठरवायचं नसतं. “मंग त्यात काय? नंबर लागन तवा लागन,” म्हणाली. मुलीला हा दिलासा कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त उपयोगी पडला, असं ती सांगते. आणि ते खरंही असावं, कारण त्यानंतर तिने म्हाताऱ्यांना वाचून दाखवण्याचा हट्ट सोडला आणि जिथे दार उघडं होतं तिथे गेली.

ते दार होतं चॅरिटी शॉपचं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकायच्या आणि नफा धर्मादाय कामाला लावायचा, अशी ही दुकानं. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी उभी राहिली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने तिथल्याच ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटलं. आज ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांवर दुकानं आहेत आणि ती मुख्यत: स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. तिथे सहसा डीबीएस लागत नाही, दोन रेफरन्स मात्र लागतात. मुख्याध्यापक सर आता तयार होते.

काम दुकानाच्या मागच्या खोलीत. दारात काळ्या पिशव्यांचा ढीग. पिशवी फोडायची, एकेक कपडा झटकून उजेडात धरायचा. बगलेला डाग आहे का, चेन चालते का, बटण तुटलंय का, ते बघायचं. पास झालेला कपडा हँगरला लावून वाफेच्या नळीने सरळ करायचा; नळी वरून खाली फिरवायची, उलट फिरवली तर वाफ मनगटावर येते. मग हँगरच्या मानेत मापाचा छोटा प्लास्टिकचा ठोकळा आणि टॅग-गनने शिवणीत किंमत. कापडात टोचायची नाही, शिवणीतच, हे तिला पहिल्या दिवशी दोनदा सांगावं लागलं. काही पिशव्यांवर स्टिकर असतं, ते जपून टॅगवर चिकटवायचं. देणारा तिथला करदाता असेल आणि त्याने तशी संमती दिली असेल, तर त्याच्या वस्तूच्या दर पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देतं. एक स्टिकर हरवलं म्हणजे पैसेच हरवले.

नापास कपडे चिंध्यांच्या पोत्यात. ते पोतं किलोवर विकलं जातं. असा माल देशोदेशी फिरतो आणि त्यातला पुष्कळसा पानिपतला येतो. तिथे जुन्या लोकरीच्या कपड्यांचं सूत काढून घोंगड्या विणण्याचा मोठा धंदा आहे. वऱ्हाडच्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर गेली. रेल्वे आली, खामगावच्या बाजारासाठी १८७० साली वेगळा फाटा टाकला गेला. कापूस तिकडे गेला तो दाम घेऊन. पोरगी गेली ती दाम न घेता.

तीन-चार महिन्यांनी तिला गल्ल्यावर बसवलं. तिच्या मते खरं इंग्रजी इथे सुरू झालं, कारण गिऱ्हाईक दोन पौंडांच्या कपबशीसाठी वीस मिनिटं बोलतं. नवरा वारला, त्याचे कोट आणलेत, असं सांगणाऱ्या बाईशी काय बोलायचं हे विद्यापीठ शिकवत नाही. दुकानाशिवाय आणखी एक दार उघडं होतं: दर शनिवारी सकाळी नऊला मँचेस्टरच्या प्लॅट फील्ड्स बागेत पार्करन असते. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांनी सुरू झालेली ही पाच किलोमीटरची मोफत दौड. तिथे ऑनलाइन नाव टाकलं की चमकतं जाकीट मिळतं आणि वळणावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. नव्याने गेलेल्या परक्याला यापेक्षा सोपं काम मिळणार नाही.

त्याच दुकानातल्या एका निवृत्त शिक्षिकेने एकदा उलटा प्रश्न टाकला: मला तुझ्याकडे येऊन काही करता येईल का? मुलीने चौकशी केली. आपल्याकडचे नियमही काही कमी नाहीत. पर्यटक व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते, पण जास्तीत जास्त एक महिना. त्याहून अधिक राहायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि त्यावर संस्थेचं व कामाच्या जागेचं नाव. ज्याच्या घरी परदेशी पाहुणा उतरेल त्याने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, हे वेगळंच.

शिवाय एका महिन्यात बाई करणार काय? हिवरखेडच्या मागचा डोंगर चढला की मेळघाट. पुण्याच्या मैत्री संस्थेने १९९७ पासून तिथे धडक मोहीम चालवली: पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाड्यांवर राहायला जातात, घरोघर फिरून मुलांची वजनं घेतात, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवतात, आजारी पोर दवाखान्यात पोचवतात. तिथली कोरकू भाषा न येणाऱ्या पुण्याच्या मुलांनाच तिथे घाम फुटतो. मराठीही न येणाऱ्या पाहुण्याला दुभाषा, जेवण आणि जीप यजमानानेच पुरवायची, म्हणजे कोण कोणाची सेवा करतंय असा प्रश्न पडावा.

याला मोठा अपवाद विदर्भातच घडला. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही पिएर सेरेसोल यांनी १९२० साली काढलेली संघटना. स्वत: सेरेसोल १९३४च्या भूकंपानंतर बिहारात गावं उभारायला आले होते. १९५०च्या दशकात या संघटनेची अनेक देशांतली तरुण मंडळी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आली आणि विटा वाहून त्यांनी इमारती बांधल्या. बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी १९४९ साली स्थापन केलेल्या संस्थेची ती सुरुवातीची वर्षं. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेत नसे. ही गोरी पोरं तीच भाजी खातात, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून राबतात, हे गावाने पाहिलं आणि हळूहळू भीती मोडली, असं सांगतात. भिंती काय, गवंड्यांनीही बांधल्या असत्या. भाजी खाण्याचं काम त्या वेळी परक्यांशिवाय कोणी केलं नसतं.

शिक्षिकाबाईंचा विचार अजून चालू आहे. दरम्यान हिवरखेडचा आणखी एक पोरगा जर्मनीला निघालाय आणि मुलीने त्याला व्हॉट्सॲपवर यादी धाडली आहे: पोलिसांचा दाखला गावातूनच काढून ने, सरांचा ईमेल चालू आहे का पाहा, व्हिसावरच्या अटी जर्मनांकडूनच वाचून घे, तिथे शहरोशहरी स्वयंसेवकांना काम जोडून देणारी कार्यालयं आहेत ती शोध, गरिबांना अन्न वाटणारी ‘टाफेल’ १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झाली, तिथे हात लागतात. त्याला मात्र वेगळंच वेड. जर्मनीतली बहुतेक छोटी गावं आग विझवायला गावकऱ्यांच्याच बिनपगारी दलावर अवलंबून असतात, हे त्याने कुठेतरी पाहिलंय, आणि त्याला बंबावर चढायचंय. आजीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती वाती वळत होती.

“पयले भाषा शिक म्हना त्याले. आग लागल्यावर पानी मांगता तं आलं पायजे.”