शहाबादीवरचा डाग

सातशे रुपयांची गोष्ट आहे. रक्कम फार मोठी नाही, पण आठवली की अजून जीव जळतो.

आमची इमारत लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीत आहे. चार मजली, लांब गॅलऱ्यांची, खाली शहाबादी फरशीचं आवार. माझ्या लहानपणी त्या फरशीवर पापड वाळायचे, आता दुचाक्या लागतात. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक टेम्पो उभा असायचा. त्याच्या इंजिनातून ठिबकून ठिबकून खाली परातीएवढा काळा डाग पडला होता. २०२३ च्या जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यावरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. तेव्हा कुठे टेम्पो बाहेर गेला. डाग राहिला. त्याची आठवण कमिटीला झाली ती गणपतीच्या तोंडावर.

त्या वर्षीची चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती. इमारतीची मूर्ती रविवारी यायची होती. मूर्ती त्याच फरशीवरून आत आणणार, म्हणून शनिवारी सकाळी डाग काढायचं ठरलं.

मी खालून दूध घेऊन येत होते, तर जिन्यातच नाकाला झिणझिण्या आल्या. मागे फिरून आवारात गेले. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून डागावर अ‍ॅसिड ओतत होता. पायात रबरी चप्पल, हात उघडे, तोंडाला काही नाही. बाजूला पिवळट अ‍ॅसिडचे दोन कॅन. हे कॅन त्याने आणले नव्हते, आमच्या कमिटीने आणून त्याच्या हातात दिले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळं यावरच येऊन थांबतं.

फरशी फसफसत होती. सोड्यावर लिंबू पिळलं की येतो तसा पांढरा फेस. चार-पाच जण कोंडाळं करून उभे होते आणि म्हणत होते, "निघतंय, निघतंय!" मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. तिथे काय निघत होतं ते मला दिसत होतं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की चुना विरघळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोच तो फेस. इंजिन ऑइलला अ‍ॅसिड काहीही करत नाही. म्हणजे डाग जागच्या जागी होता, दगड मात्र जात होता.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "दादा, थांबवा हे. यानं दगड खाल्ला जातोय, तेल नाही."

"वहिनी, उद्या मूर्ती येतेय. तुम्ही वर जा, उगाच वास लागेल."

मग त्या मुलाला म्हटलं, "बाळा, निदान हातात काहीतरी घाल." तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, मला सांगितलंय तेवढं मी करतोय."

मी वर गेले नाही. तिथेच उभी राहिले, पण अ‍ॅसिडचा कॅन धरलाही नाही. एक कॅन संपला, दुसरा उघडला. मग कोणीतरी कपडे धुण्याची अर्धा किलो पावडर आणून टाकली आणि नळी लावली. मुलाने खराट्याने रेटून रेटून सगळं पाणी फाटकाजवळच्या जाळीत लोटलं. काळपट फेस जाळीवर गोल गोल फिरला आणि खाली गेला. लोकांना वाटलं, काम झालं.

मुलाने खराटा ठेवला तेव्हा मी त्याची बोटं पाहिली. टोकं पांढरी पडली होती, मधल्या कातडीला लाल भेगा. मी त्याचा हात चांगली पंधरा मिनिटं नळाखाली धरला. त्याला घाई होती, दुसरीकडे काम होतं. तो सारखा म्हणत होता, "ठीक आहे मावशी, होतं असं."

दुपारी फरशी वाळली. डागाभोवतीचा दगड पांढराफटक, खरबरीत झाला होता, बारीक बारीक खळगे पडले होते. आणि मधोमध काळा डाग होता तसाच. उलट दगडाची छिद्रं उघडली होती, त्यामुळे तो आणखी खोल बसल्यासारखा दिसत होता. शेवटी त्यावर सतरंजी टाकली आणि तिच्यावरून मूर्ती आत आली.

रात्री कमिटी बसली. साफसफाईच्या ठेकेदाराचं बिल अडीच हजारांचं होतं. फरशी खराब केली म्हणून त्यातले सातशे कापायचे ठरले. वहीत लिहिलं, "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे." ते वाक्य मी वाचलं. कॅन कोणी आणले हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी म्हटलं, "हे बरोबर नाही." कोणीतरी म्हणालं, "वहिनी, सणासुदीचं नको." आणि वही फिरत फिरत माझ्यापुढे आली तेव्हा मी सही केली.

मंगळवारी तो मुलगा दर्शनाला आला. हाताला फडकं बांधलेलं. मी प्रसाद दिला आणि सहज विचारलं, तर म्हणाला, "सेठने माझेच कापले, मावशी." त्यात तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं सांगितलं. मला तिथे उभं राहवेना. वर जाऊन पैसे घेऊन येईपर्यंत तो निघून गेला होता. पुढच्या महिन्यात आमच्याकडचा ठेकेदार बदलला. तो मुलगा पुन्हा दिसला नाही.

माझे वडील गिरणीत होते. साच्यांना तेल घालायचं काम. तेलाचा डबा, लांब चोचीची झारी, खांद्यावर फडकं. १९८२ च्या संपानंतर ते परत गिरणीत गेले नाहीत, पण खात्यातल्या गोष्टी शेवटपर्यंत सांगत राहिले. खात्यात जमिनीवर तेल सांडलं की त्यावर कोणी पाणी मारलं तर मुकादम अंगावर धावून जायचा. पाण्याने तेल पसरतं, माणूस घसरून सरळ चालत्या पट्ट्यात जाऊ शकतो. आधी भुसा, वर सुताचा गुंता, मग झाडू. सगळं कोरडं. पर्यावरण हा शब्द त्या खात्यात कोणाच्या तोंडी नव्हता. तिथे प्रश्न जिवाचा होता, आणि म्हणून ते बरोबर वागत होते.

गणपती झाल्यावर मी वडिलांच्या त्याच रीतीने तो डाग हातात घेतला. परळला मोठ्या मूर्तींच्या कारखान्यात सांगाड्यासाठी लाकूडकाम चालतं, तिथून पिशवीभर भुसा आणला. शाडूच्या मूर्ती करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून वाळलेल्या शाडूचा चुरा मिळाला. पहिल्या दिवशी कोरडा भुसा टाकून पायाने दाबून दाबून घासला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो तपकिरी झालेला. असं तीनदा केलं. मग शाडू आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून थालीपिठासारखा जाड थर डागावर लिंपला, वर प्लास्टिक अंथरून दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं, थर उन्हात तडकू दिला आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. माती वाळताना दगडातलं तेल वर ओढून घेते. खालच्या बाजूने थर काळा आला होता. पाच वेळा लिंपला. मधे मधे रिठ्याचं पाणी आणि नारळाच्या शेंडीने घासलं, आणि ते पाणी जाळीकडे जाऊ न देता भुशानेच टिपून घेतलं.

डाग पूर्ण गेला नाही. काळ्याचा राखाडी झाला आणि चिकटपणा गेला. पाय घसरत नाही एवढं झालं. डाग झटक्यात साफ होतो असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. रॉकेल किंवा थिनर तर मुळीच वापरू नये. त्याने तेल पातळ होतं आणि दगडात आणखी खोल उतरतं. आणि अ‍ॅसिड ओतलेल्या जागी कोणी चुकूनही ब्लीचिंग पावडर टाकू नये, क्लोरीन वायू सुटतो. आमच्या आवारात त्या दिवशी ती कोणी आणली नाही, एवढंच नशीब.

जाळीतून खाली गेलेलं पाणी कुठे जातं, हे आमच्या इमारतीत फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईत दोन वेगवेगळ्या वाहिन्या आहेत. मोरीचं आणि संडासाचं पाणी मलवाहिनीतून जातं. आवारातली आणि रस्त्यातली जाळी मात्र पर्जन्य जलवाहिनीची. तिच्यातलं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता समुद्रात जातं. आमच्या बाजूचं पाणी रे रोडकडे, ब्रिटानिया उदंचन केंद्राकडे वाहतं आणि तिथून बंदराच्या पाण्यात पडतं. तिथून थोडं उत्तरेला शिवडीचा चिखल आहे, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि चिखलातलं शेवाळ खातात. मी शाळेची मुलं घेऊन ते पाहायला गेलेय. ७ ऑगस्ट २०१० ला चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं मुंबईबाहेर धडकली, तेल सांडलं, किनाऱ्यावर आलं, खारफुटी काळी पडली. तेव्हा टीव्हीसमोर बसून आमची सगळी इमारत हळहळली होती. इथे आम्ही सणाच्या तोंडावर नळी लावून तेच करत होतो. साबणाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर लांब जातात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये तर झिजलेल्या धातूचे कण आणि काजळीही असते.

आणि लांब कशाला? आमच्या जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलं की तेच जाळीतलं पाणी उलटं वर येतं. त्यावर रंगीत तवंग असतो. त्यातूनच आमची मुलं शाळेतून गुडघाभर पाण्यात चालत यायची. परळला आणि दादरला जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरतं, हे खरं आहे. पण तवंग आमचाच असतो.

हे एवढं ठामपणे लिहिताना एक अडचण सांगितली पाहिजे. तो तेलकट भुसा आणि शाडूची ढेकळं मी रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली. कचऱ्याच्या गाडीवाल्याने डबा हुंगला आणि परत केला. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला जुनं ऑइल पिंपात साठवतो आणि ते घ्यायला माणूस येतो. तो म्हणाला, "ताई, ऑइल द्या, घेतो. भुसा कुठे टाकू?" तो डबा अजून माझ्या गॅलरीत कुंड्यांमागे आहे. म्हणजे जाळीत गेलं नाही, पण गेलंही कुठे नाही. हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणते खरं, पण घराघरांत असे डबे साठले तर ते घेणार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला वाटतं वॉर्डात महिन्यातून एक दिवस असा कचरा घेतला गेला पाहिजे, आणि गॅरेजवाल्यांना तो घेणं परवडलं पाहिजे.

सेक्रेटरींवरचा माझा रागही तेव्हासारखा राहिलेला नाही. हिंदमाताला पाणी भरलं की म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन वर आणणारा हाच माणूस. आणि अ‍ॅसिडचं म्हणाल, तर दारावर येणाऱ्या फिनेलवाल्याकडून बाटली घेऊन मी स्वतः वर्षानुवर्षं मोरीत ओतलंय. त्या सकाळी त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं, आणि सही मी केली.

गेल्या महिन्यात ते दारात आले. पुतण्याच्या बाईकने फाटकाजवळ नवीन डाग पाडला होता. "वहिनी, तो तुमचा भुसा आहे का थोडा?" मी पिशवी दिली, कसा टाकायचा ते सांगितलं, रात्रभर ठेवायला सांगितलं. ते वहीत लिहिलेलं वाक्य बदलून घ्या म्हणून सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. ते पिशवी घेऊन जिना उतरेपर्यंत मी दारातच उभी राहिले. वरून पाहिलं, तर ते स्वतः उकिडवे बसून भुसा पसरत होते.

दुसऱ्या दिवशी तो काळा भुसा त्यांनी माझ्याकडेच आणून दिला. मी दुसरा डबा काढला.