आवाजाचे पाठभेद

फेब्रुवारी १९६७. लंडनच्या एबी रोडवरच्या स्टुडिओत बीटल्स आणि त्यांच्या सोबतच्यांनी तीन पियानोंवर एकाच क्षणी ई मेजरची कॉर्ड दाबली आणि बोटं तशीच रोवून ठेवली. सूर विझायला लागला तसा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फेडर, म्हणजे आवाजाची पातळी वाढवणाऱ्या सरकत्या पट्ट्या, हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. सूर उतरतोय, फेडर चढतोय, अशा झटापटीत ती कॉर्ड चाळीस सेकंदांहून जास्त टिकली. शेवटाला फेडर इतके वर गेले होते की खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली तीही टेपवर आली. 'अ डे इन द लाइफ' हे गाणं आणि 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम या करकरीपाशी संपत येतो. जगभरच्या लोकांनी ती ऐकलेली आहे. मीही कॉलेजात असताना कॅसेटवर कान लावून ती शोधली होती. आता तीच कॉर्ड डॉल्बी ॲटमॉसमध्ये ऐकतो तेव्हा ती समोरून येत नाही, माझ्या अवतीभवती पसरते. प्रश्न असा पडतो, की त्या दिवशी त्या खोलीत नेमका कुठे बसलो असतो तर मला हे असं ऐकू आलं असतं?

उत्तर सरळ आहे: कुठेच नाही. मला या प्रकारात रस वाटू लागला तो त्यामुळेच.

ॲटमॉस आलं सिनेमातून. २०१२ साली पिक्सारच्या 'ब्रेव्ह'बरोबर ते पहिल्यांदा थिएटरात वाजलं. तोवरच्या पद्धतीत आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला असे: हा डावीकडचा, हा उजवीकडचा, हा मागचा. ॲटमॉसमध्ये आवाजाला जागा दिली जाते. ही गिटार इतकी डावीकडे, इतकी मागे, इतकी उंच. असे एकूण १२८ पर्यंत घटक एका मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेल्या अंतिम मिश्रणात, मावतात, आणि ऐकणाऱ्याकडे जे काही स्पीकर असतील त्यांतून ती जागा कशी उभी करायची हा हिशेब वाजवणारं यंत्र ऐन वेळी करतं. जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने हे सगळं नेहमीच्याच वर्गणीत देऊन टाकलं आणि जुने गाजलेले अल्बम एकामागून एक नव्याने मिक्स होऊन येऊ लागले.

आपल्यातले बहुतेक जण ते ऐकतात हेडफोनवर. तिथे बारा स्पीकर कुठून आणणार? तिथे कानाला फसवायचं असतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. समोरचं की मागचं, वरचं की खालचं हे मात्र बाहेरच्या कानाच्या घड्या ठरवतात. त्या घड्यांत आवाज अडखळतो, त्याचा रंग बदलतो, आणि तो बदल आपण जन्मापासून पाठ केलेला असतो. सॉफ्टवेअर हेच उशीर आणि हेच रंग कृत्रिमपणे घालतं. फक्त ते कान असतात कुणातरी सरासरी माणसाचे. म्हणून काहींना गायक समोर चार हातांवर उभा दिसतो आणि काहींना तो आपला बाथरूममध्ये गातोय असं वाटतं. २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने स्वतःचे कान मोजून घ्यायची सोय ॲपलने केली, तिने थोडा फरक पडतो. काही हेडफोन डोक्याच्या हालचालीचाही माग ठेवतात. पाण्याच्या भांड्याकडे मान वळवावी, तर गायक जागचा हलत नाही, फोनपाशीच गात राहतो. पहिल्यांदा गंमत वाटते. मग मी ते बंद करून टाकलं, कारण गाणं ऐकायचं सोडून माझं मान वळवणंच चाललं होतं.

खऱ्या स्पीकरांवर ऐकायचं तर माझ्या एका मित्राकडे जावं लागतं. त्याने कोथरूडच्या फ्लॅटमधली एक बेडरूम यासाठी दिली आहे: कानाच्या उंचीवर भोवताली सात स्पीकर, छताला चार, आणि कोपऱ्यात एक सबवूफर. छताला भोकं पाडली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी दोनदा खाली येऊन गेल्या. बसायला खुर्ची एकच, अगदी मोजून मधोमध ठेवलेली. बाकीच्यांनी भिंतीला टेकून बसायचं. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या आणि मागच्या भिंतीपाशी स्टुलावर टेकल्या. दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "भावोजी, मला तर नुसता कोरसच ऐकू येतोय. मुख्य गाणारा कुठे गेला?" मित्र म्हणाला, "अगं, तू चुकीच्या जागी बसलीयेस." "मग बरोबर जागेवर तुम्हीच बसा," म्हणून त्या उठून गेल्या. त्यांचं म्हणणं मला विनोदापेक्षा जास्त वाटलं. ही कला एका वेळी एकाच माणसाला पुरती भेटते.

त्या खुर्चीत बसून मी पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकला आणि शंका काही काळ बाजूला ठेवल्या. १९७३ च्या या अल्बमला ॲटमॉसमध्ये नेलं फ्लॉइडचे जुने ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांनी, २०२३ साली, त्याच्या पन्नाशीनिमित्त. त्यातल्या 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ल्याचं यंत्र खणखणतं. असे सात आवाज टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापून, चिकटवून, गोल फिरवलेले. गाणं त्यांच्यावरच उभं राहतं, आपल्या रूपक तालासारख्या सात मात्रांत. गिटारचा मोठा तुकडा आला की ते चार मात्रांवर येतं आणि नंतर पुन्हा सातावर. स्टिरिओत ही नाणी समोरच्या पडद्यावर डावी-उजवी होत. इथे ती खोलीभर फिरतात, आणि मात्रा मोजण्याऐवजी मी त्यांची वाट पाहायला लागतो: आता ही डावीकडे, आता मागे. ताल दिशांमधूनही कळू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण फ्लॉइडच्या बाबतीत हे आश्चर्य नाही. त्यांना हेच हवं होतं. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी आवाज श्रोत्यांभोवती फिरवायचं एक यंत्र वापरलं होतं, ॲझिमथ को-ऑर्डिनेटर नावाचं. दांडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेच्या स्पीकरातून आवाज. 'डार्क साइड'मधल्याच 'टाइम'च्या आरंभीची घड्याळं त्या अल्बमचे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी मुळात चार स्पीकरांच्या प्रात्यक्षिकासाठी एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. सत्तरच्या दशकात या चार स्पीकरांच्या क्वाड्राफोनिक पद्धतीचा गाजावाजाही झाला. पण कंपन्यांनी एकमेकींशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धती बाजारात आणल्या, गिऱ्हाईक गोंधळलं, आणि दशक संपायच्या आत प्रकरण मिटलं. तेव्हा गथ्रींनी काही परकं लादलं असं म्हणता येत नाही. त्या अल्बमला जी खोली हवी होती ती पन्नास वर्षांनी मिळाली, इतकंच.

'सार्जंट पेपर'चं तसं नाही. तो चार ट्रॅकच्या टेपवर झाला. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा ढोल आणि बास असे एकत्र उतरले की नंतर त्यांतला एक कमी-जास्त करणं नाही. म्हणजे निर्णय रोजच्या रोज घ्यायचे आणि ते निभवायचे. 'अ डे इन द लाइफ'साठी चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा पुन्हा पुन्हा एकावर एक चढवला, तेव्हा जागा पुरेना म्हणून स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी दोन टेप मशीन एकत्र चालवण्याची युक्ती केली. त्या अल्बमची दाटी, सूर एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे वाटणं, हे सगळं या अडचणीतून आलेलं आहे. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी नवे मिक्स करताना एकत्रीकरणाच्या आधीच्या टेप काढल्या, त्यामुळे बंद झालेली दारं उघडली. बीटल्सच्याच 'रिव्हॉल्वर' अल्बमच्या वेळी, २०२२ साली, तर एकाच ट्रॅकवर मिसळून गेलेली वाद्यंही चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या तंत्राने वेगळी करता आली.

दारं उघडल्यावर काय झालं? रिंगोचे ढोल मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. मॅकार्टनीचा बास म्हणजे स्वतंत्र गाणं आहे हे वाचून माहीत होतं, ते कानांना पटलं. मात्र सगळे असे ऐसपैस बसल्यावर त्यांच्यातली रेटारेटी गेली. चार ट्रॅकमध्ये कोंबलेल्या आवाजांत एक घाई होती, ती गेली. मला आवडत होतं ते केवळ गाणं नव्हतं, ती गर्दीसुद्धा आवडत होती, हे गर्दी पांगल्यावर कळलं. आणखी एक बाब: स्ट्रीमिंगवरच्या ॲटमॉससाठी डॉल्बीने सरासरी पातळीची मर्यादा घातली आहे, उणे १८ एलयूएफएस (हे कानाला जाणवणारा आवाज किती मोठा ते मोजण्याचं एकक). बाजारातले स्टिरिओ अल्बम सहसा त्याहून बरेच मोठ्याने वाजतात. त्यामुळे एकाच बैठकीत दोन्ही ऐकलं की नवा मिक्स मिळमिळीत वाटतो. आवाज वाढवून मग न्याय करावा. वाढवल्यावर हळू आणि मोठ्या आवाजांतलं जे अंतर ऐकू येतं, ते ठोकून सपाट केलेल्या अनेक सीडींमध्ये नव्हतं.

मग मूळ कोणतं? इथे जुन्याचा कैवार घेणाऱ्यांचीही पंचाईत आहे. १९६७ साली बीटल्सनी जातीने हजर राहून करवून घेतला तो 'पेपर'चा मोनो मिक्स. स्टिरिओ मागाहून, त्यांच्या गैरहजेरीत, झटपट उरकला गेला. त्यातलं 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं तर मोनोत अर्ध्या सुराने वर आहे आणि वेगात चालतं. स्टिरिओत ते खाली उतरून रेंगाळतं. जगाने पुढे पन्नास वर्षं जे मूळ मानून डोक्यावर घेतलं ते हे रेंगाळणारं रूप. २०१७ च्या नव्या स्टिरिओत मार्टिन यांनी मोनोचा वेग परत आणला. म्हणजे पट्टी कोणती, यावरही मूळ ग्रंथात एकवाक्यता नाही.

ग्रंथ म्हटलं ते सहज नव्हे. आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत पाठ बिघडले तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती जुळवून पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कुणी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये असंही बजावून ठेवलं. दुरुस्ती करणाऱ्याची ही दुहेरी जबाबदारी मला आदर्श वाटते: हात घालायचा, पण स्वतःला त्यात कालवायचं नाही. उलट टोकाचं उदाहरण आमच्या पिढीने ऐकलेलं आहे, झंकार बीट्सच्या कॅसेटी. जुन्या हिंदी गाण्यांवर वरून ढोलकी-काँगोची माती ओतलेली. ॲटमॉसच्या जुन्या अल्बमांत दोन्ही प्रकृतींचे लोक आहेत. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांचे अल्बम नव्याने मिक्स करणारे स्टीव्हन विल्सन आधी जुना स्टिरिओ मिक्स शक्य तितका हुबेहूब उभा करतात, आणि मगच तो भोवताली उलगडतात. ऐकताना ते जाणवतं. काहीही फिरत नाही, उगाच कुणी डोक्यावरून उडत नाही. दुसरीकडे असेही मिक्स कानी पडतात ज्यांत तंत्र आहे म्हणून गिटार छतावर चढवलेली असते.

एक गोष्ट मैफलीत बसणाऱ्याला चटकन उमजावी. आपल्याकडे दोन तानपुरे गवयाच्या मागे असतात, बाजूला तबला, बाजूला पेटी. सुरांनी वेढलेला असतो तो गवई. आपण समोर बसून त्या वेढ्यात बसलेल्या माणसाला ऐकतो. ॲटमॉस मला उचलून गवयाच्या जागी बसवतं. ती जागा सुखाची आहे, पण तिथून मैफल दिसत नाही. स्टिरिओची समोरची चौकट, तिच्यातलं अंतर, हेही मला हवं असतं. काही गाणी आतून कळतात, काही समोर बसूनच.

माझी तक्रार आवाजाशी नाही, वाढणाऱ्याच्या पद्धतीशी आहे. क्वाड्राफोनिक किंवा सीडीनंतरच्या काळातल्या सराउंड तबकड्या ज्याला हव्या तो पैसे मोजून आणत असे. आपण काय आणलं हे त्याला ठाऊक असे. स्ट्रीमिंगवर फोनच्या सेटिंगमध्ये डॉल्बी ॲटमॉस 'ऑटोमॅटिक'वर असेल तर तेच गाणं, तेच मुखपृष्ठ, आणि वाजतो दुसराच मिक्स. जानेवारी २०२४ पासून ॲपलने अशा रूपात उपलब्ध असलेल्या संगीतासाठी दहा टक्क्यांपर्यंत वाढीव मोबदला देऊ केला आहे, तेव्हा कंपन्या हा माल भराभर काढणार हे उघड आहे. त्यात चांगलं-वाईट दोन्ही येणार. जाइल्स मार्टिन यांनी २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की 'पेपर'चा आपला पहिला ॲटमॉस मिक्स जमलेला नाही आणि आपण तो बदलणार आहोत. हा प्रामाणिकपणा थोर. पण पुस्तकावर दुसरी आवृत्ती म्हणून छापलेलं असतं, तसं इथे कुठे छापणार? कपाटातली रेकॉर्ड रातोरात बदलत नाही. स्ट्रीमिंगवरची बदलू शकते, आणि आपल्याला वाटतं आपलेच कान बदलले.

हल्ली मी जुना अल्बम दोन्ही रूपांत ऐकतो, आधी स्टिरिओ, मग ॲटमॉस, आणि फरक शोधत बसतो. कोण पुढे आलं, कोण मागे गेलं, कुणी कुणाला जागा करून दिली. त्यातून ऐकण्याचीच रीत थोडी बदलली आहे. गाण्यामागे गाणारा-वाजवणारा असतो तसाच तराजू धरलेला आणखी एक माणूस असतो, हे आता विसरता येत नाही. मिक्स म्हणजे त्या माणसाचं मत. मत आहे म्हटल्यावर त्याखाली नाव हवं, तारीख हवी, आणि आधीचं मत एका टिचकीवर हाताशी हवं. एवढं मिळालं, तर खुशाल गिटार छताला टांगा, माझी हरकत नाही.