बारा फोटोंचा रोल

वस्तूची किंमत दुकानदार ठरवितो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. वस्तू मागणारेही तिचा भाव ठरवीत असतात. आणि मागणाऱ्यांची संख्या फारच रोडावली, की भावाचा प्रश्न उरत नाही, वस्तूच दिसेनाशी होते. छायाचित्रणाच्या फिल्मची कथा पाहिली म्हणजे ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात येते.

फिल्म ही मुळातच महागडी. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, अशी तिची घडण. 1980 च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदी औंसाला 50 डॉलरांच्या घरात गेली, तेव्हा सराफांप्रमाणेच फिल्मचे कारखानदारही चिंतेत पडले. आपल्या देशात तर त्यात परावलंबनाची भर होती. दादासाहेब फाळके 1912 साली विलायतेस गेले, ते कॅमेऱ्याबरोबर कोऱ्या फिल्मचीही तजवीज करूनच परतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोऱ्या फिल्मचा असा तुटवडा पडला, की सरकारला चित्रपटांची लांबी 11,000 फुटांवर रोखावी लागली. ही परवशता संपावी म्हणून 1960 साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. निलगिरीच्या थंड, निर्मळ हवेत 1967 पासून उत्पादन सुरू झाले. त्या फिल्मला नाव दिले होते ‘इंदु’! चंद्राचे हे नाव कृष्णधवल फिल्मला किती शोभून दिसत होते!

आमचे बालपण येथे, गोविंदपुऱ्यातच गेले. वडील भेलच्या कारखान्यात होते. घरात एक ‘क्लिक थ्री’ कॅमेरा होता. त्याच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, आणि तो एक रोल आम्हांस बहुधा वर्षभर पुरवावा लागे. पिपलानीच्या बाजारातील स्टुडिओवाल्याकडे एक वही असे. गणेशोत्सव जवळ आला, की रोल हवा असणाऱ्यांनी त्या वहीत आगाऊ नाव नोंदवावयाचे. माल आला, की क्रमाने वाटप होई. रोल संपल्याखेरीज तो धुवावयास टाकावयाचा नाही, हा घरोघरचा दंडक होता. त्यामुळे भाद्रपदातील गणपती आणि चैत्रातील गुढी एकाच दिवशी पाहावयास मिळत.

बारा फोटोंची वाटणी घरात बजेटासारखी होई. गणपतीचे दोन, आजीचा एक, बहिणीच्या वाढदिवसाचा एक, आमच्या शाळेच्या बक्षिसाचा एक. आईची पाळी आली, की ती म्हणे, “माझा कशाला? मुलांचा काढा.” आज जुना आल्बम उघडतो, तेव्हा आम्हां भावंडांची वर्षावर्षांची वाढ तेथे दिसते, आईचे एकटीचे छायाचित्र मात्र एकच सापडते. रोलची किंमत वडिलांनी रुपयांत मोजली. आईने ती आपली जागा सोडून चुकती केली. भावाचा हा परिणाम कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेला नसतो.

काळ बदलला. रंगीत फिल्म आली, परदेशी माल सुलभ झाला, मग डिजिटल कॅमेरे आले. उटकमंडचा कारखाना आधी आजारी पडला व पुढे बंद झाला. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीनेही जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म आता संपली, असेच सर्वांस वाटले. परंतु मागणारे थोडे का होईना, उरले होते. 2012 साली थांबविलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकने 2018 साली पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडमधील इल्फर्ड कंपनी तर वर्षातून एकदा, कोणास कोणत्या चमत्कारिक आकाराची फिल्म हवी, हे विक्रेत्यांमार्फत विचारते आणि आलेल्या मागणीप्रमाणे कापून देते. पिपलानीची ती वहीच जणू विलायतेस पोहोचली!

आमचा एक माजी विद्यार्थी येथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्यास फिल्मवर फोटो काढण्याचा छंद आहे. तयार रंगीत रोल आज हजाराच्या घरात जातो. धुण्याचा खर्च निराळा. म्हणून ही मुले सिनेमाच्या फिल्मचा 400 फुटांचा डबा वर्गणी काढून मागवितात आणि अंधाऱ्या खोलीत कापून नळकांड्यांत भरतात. एका डब्यात छत्तीस फोटोंचे सत्तरएक रोल होतात. मध्यंतरी तो घरी आला आणि संकोचून म्हणाला, “सर, वर्गणी थोडी कमी पडते आहे. आपण एक वाटा घ्याल का? नाहीतर या वेळी डबा मागविता येणार नाही.”

आम्ही वाटा घेतला. कुणी हौस म्हणेल, कुणी उधळपट्टी. परंतु मागणाऱ्यांच्या यादीत एक नाव कमी झाले, की ती वस्तू पुढच्या पिढीपासून तितकी दूर जाते, हे आम्ही पाहिले आहे. पुस्तकांचे, मासिकांचे, किंबहुना परमुलखात जपलेल्या मायबोलीचेही याहून निराळे नाही. आम्ही त्या मुलास एवढेच सांगितले, की छत्तीसांपैकी एक फोटो आईसाठी आधीच राखून ठेव, आणि तिने नको म्हटले तरी काढ.