शस्त्रक्रियेनंतरची मुग्धभ्रांती

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत काही रुग्णांचे भान एकाएकी ढासळते. सकाळी नीट बोलणारा माणूस दिवेलागणीला पोटच्या मुलाला ओळखत नाही. या अवस्थेला मुग्धभ्रांती किंवा डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. वेदना, जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचा बिघाड, काही औषधे आणि जागरण यांचा एकत्रित भार थकलेल्या मेंदूला पेलत नाही, तेव्हा ती होते.

प्रस्तुत लेखकाच्या आईचा खुबा राहात्याच्या घरी ओट्यावरून उतरताना मोडला. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डाच्या भिंतीशी शेळ्या बांधल्या आहेत असे ती सांगू लागली आणि सलाइनची नळी दावे समजून सोडू लागली. भेटायला येणाऱ्यांची निदाने ठरलेली होती: ‘भूल उतरली नाही’, ‘वात झालाय’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’. शिर्डीची उदी कपाळाला लागली. उदीने काही बिघडत नाही. बिघडते ते तेवढ्यावर थांबल्याने. कारण अशा वेळी ताप, प्राणवायूचे प्रमाण, तुंबलेली लघवी आणि चालू औषधे तातडीने तपासावी लागतात.

आरडाओरडा करणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. गप्प पडून राहणारा, हाकेला उशिरा ओ देणारा रुग्ण ‘आराम पडलाय, झोपू द्या’ म्हणून सुटतो. हा शांत प्रकार वृद्धांत अधिक आढळतो.

धोका आधी ओळखता येतो. आधीपासूनचा विसराळूपणा हे सर्वांत ठळक लक्षण. त्याखालोखाल 65 वर्षांपुढचे वय, कमी ऐकू येणे वा दिसणे, अशक्तपणा, तातडीची शस्त्रक्रिया, रोजची दारू आणि झोपेच्या गोळ्या. दारू-गोळ्यांची माहिती घरचे लाजेने दडवतात, तीच भूलतज्ज्ञाला सर्वांत आधी हवी असते. लक्ष टिकते का हे पाहायला वार उलटे म्हणायला लावणे पुरते. त्याला अक्षरओळख लागत नाही. 1990 मध्ये शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी मांडलेली निदानपद्धतीही एकाएकी झालेला, कमी-जास्त होणारा बदल आणि न टिकणारे लक्ष यांवरच मुख्यतः उभी आहे.

प्रतिबंधाचा पाया इनोये यांच्याच 1999 च्या अभ्यासाने घातला. त्यात 70 वर्षांवरील 852 रुग्ण होते. ते शस्त्रक्रियेचे नव्हते, तरी पुढे तीच पद्धत शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही आली. नेहमीच्या शुश्रूषेत 15 टक्के रुग्णांना मुग्धभ्रांती झाली, विशेष काळजी घेतलेल्यांत 9.9 टक्क्यांना. ही काळजी म्हणजे बोलत राहणे, चालवणे, पाणी पाजणे, चष्मा व श्रवणयंत्र वापरायला देणे आणि रात्री शांत झोपू देणे. अमेरिकेत यासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले. राहाता तालुक्यात, मग रुग्णालय लोणीचे असो की शिर्डीचे, खाटेशी सून किंवा लेक बसलेलीच असते. मात्र चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र हरवेल म्हणून घरी ठेवण्याची रीत आहे, आणि अतिदक्षता विभागात नातेवाइकांना आत बसू देत नाहीत.

वेदना पुरेशी शमवणे, लघवीची नळी लवकर काढणे आणि झोपेच्या गोळ्या टाळणे हे डॉक्टरांचे काम. हात बांधल्याने रुग्ण अधिकच बिथरतो. गुंगीचे औषध केवळ तो स्वतःला इजा करू लागला तर, तेही थोड्या मात्रेत देतात. बहुतेकांचे भान काही दिवसांत परतते. काहींचा गोंधळ काही आठवडे, क्वचित महिने रेंगाळतो. म्हणून टाके काढायला गेल्यावर स्मरणशक्तीही पुन्हा तपासून घेतात.