सोसलेच्या वाटेवर ऐकू आलेलं व्हायोलिन

आवडता गिटारवादक बँड सोडून एकट्याने वाजवायला लागला, की चाहत्यांची धडधड वाढते ना? जमेल का त्याला? शाळेपासून रॉकवेडी असल्यामुळे ही धडधड माझ्या चांगलीच ओळखीची. पण कर्नाटकात सोसलेला जाताना हाच प्रश्न एका व्हायोलिनवादकाने मला नव्याने घातला.

म्हैसूरहून साधारण ३० किलोमीटरवर टी. नरसीपूर. इथे कावेरी आणि कपिला एकमेकींना भेटतात. सोसले इथून जवळच. आजूबाजूला भात, ऊस आणि पाण्याचे कालवे. हे गाव ओळखलं जातं ते व्यासराज मठामुळे. पुरंदरदास हे व्यासतीर्थांचे शिष्य मानले जातात. त्यांच्या पदांत शेवटी नाव येतं ते 'पुरंदर विठ्ठल'. आपला विठोबा इतक्या दूर भेटला, की परकं वाटतच नाही.

संगमावरच तिरुमकुडलू हे गाव आहे. १८९५ मध्ये इथे टी. चौडय्या जन्मले. नावातला 'टी' या गावाचाच. म्हैसूरला बिडारम कृष्णप्पांकडे ते व्हायोलिन शिकले आणि पुढे चेंबई वैद्यनाथ भागवतरांसारख्या दिग्गज गायकांच्या साथीला बसू लागले.

साथीदाराचं काम कठीण असतं. गायक जाईल तिकडे सावलीसारखं जायचं, पण त्याच्या पुढे जायचं नाही. त्यात तेव्हा माइकची सोय नव्हती. मागच्या रांगेतल्या माणसाला व्हायोलिन ऐकूच येत नसे. चौडय्यांनी काय केलं? चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या. सात तारांचा तो भरदार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू लागला. पण जोडतारा एकाच बोटाने दाबायच्या, म्हणजे सूर जरा हलला तरी चूकही दुप्पट! हे धाडस त्यांनी आयुष्यभर निभावलं. १९५७ मध्ये त्यांना संगीत कलानिधी हा मान मिळाला. १९६७ मध्ये ते गेले.

खरं सांगू? मला हे सगळं फार जवळचं वाटलं. मी कंटेंट रायटर. शब्द माझे असतात, नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं. सगळं सोडून फक्त स्वतःचंच लिहावं, असं कितीदा मनात येतं. पण चौडय्यांनी एकल वादन केलं तरी साथ सोडली नाही. दुसऱ्याच्या मैफलीत बसूनच त्यांनी स्वतःचा आवाज घडवला. संगमावर बसून मी त्यांचं एक जुनं एकल रेकॉर्डिंग ऐकलं. खरखर होती, पण ते व्हायोलिन लगेच ओळखू आलं.

तुम्ही गेलात, तर सोसले, संगम आणि गुंजा नरसिंहस्वामी मंदिर एका दिवसात आरामात होतं. पावसाळ्यात मात्र नदीत उतरू नका. परतताना बेंगळुरूला थांबणार असाल, तर मल्लेश्वरमचं चौडय्या स्मारक सभागृह नक्की बघा. अख्खी इमारत व्हायोलिनच्या आकाराची आहे. मुलांना तिच्यावरच्या तारा मोजायला सांगा. चार म्हणाली, तर पुन्हा मोजायला लावा!